क्रोएशियन कागदावर आडनाव बदललेलं दिसलं तर

क्रोएशियाहून आलेल्या नोकरीच्या करारात ‘पाटील’च्या जागी ‘पाटिला’ किंवा ‘पाटिलोम’ छापलेलं पाहून बरेच जण घाबरून आम्हा भाषांतरकारांकडे येतात. एका ग्राहकाने तर जादा अक्षरं पेनाने खोडून टाकली होती. मग करार पुन्हा मागवावा लागला. कृपया असं करू नका. ती सहसा छपाईची चूक नसते, विभक्ती असते.

आपणही पाटलांना, शिंद्यांचा असं म्हणतोच. क्रोएशियन भाषेत विभक्त्या सात, आणि प्रत्यय नाव व आडनाव दोन्हींना लागतो. निकोला टेस्ला यांचं म्हणायचं तर ‘निकोले टेस्ले’, त्यांना म्हणायचं तर ‘निकोली टेस्ली’, त्यांच्यासोबत म्हणायचं तर ‘निकोलोम टेस्लोम’. तिथलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव होर्वात (अर्थच ‘क्रोएशियन माणूस’). त्याची रूपं होर्वाता, होर्वातु, होर्वातोम. ‘इच’ने संपणाऱ्या आडनावांना मात्र ‘ओम’ऐवजी ‘एम’ लागतो, म्हणून फुटबॉलपटू मॉद्रिचसोबत म्हणजे ‘मॉद्रिचेम’. आपली आडनावंही यातून सुटत नाहीत: जोशींचं ‘जोशिया’ होतं, शिंद्यांचं ‘शिंदेआ’.

हे झालं पुरुषांचं. बाईचं आडनाव ‘आ’ने संपत असेल, जसं शर्मा, तरच त्याची रूपं होतात. पाटील, जोशी, शिंदे ही आडनावं बाईची असतील तर प्रत्येक विभक्तीत जशीच्या तशी राहतात. म्हणजे अशा आडनावांच्या टोकावरून समोरच्या कचेरीने तुम्हाला पुरुष धरलंय की स्त्री, तेही कळतं.

आमच्या भाषांतरात आम्ही नाव नेहमी मूळ रूपात, पासपोर्टवर आहे तसंच लिहितो. कुठलाही अर्ज भरताना तुम्हीही तेच रूप लिहा, पत्रातलं उतरवून काढू नका.

खरी चूक कुठे असू शकते, तेवढं मात्र नीट पाहा. किरण हे आपल्याकडे मुलाचंही नाव आणि मुलीचंही. तिथल्या कारकुनाला ते कसं कळणार? तुम्ही किरणताई असाल आणि पत्रात ‘किरणु पाटिलु’ असं आलं असेल, तर त्यांनी तुम्हाला पुरुष समजून कागद केला आहे. अशा वेळी सही करण्याआधी पत्र आम्हाला दाखवा. दुरुस्तीची विनंती आम्ही क्रोएशियनमध्ये लिहून देऊ.