स्कोपमधली वेव्ह लॅपटॉपवर आणायची कशी

नागपूरच्या उन्हाळ्यात घरोघरी कूलर, आणि त्याची मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी करंट केवढी उडी मारतो ते बघायचं तर वायरभोवती चिमट्यासारखा बसणारा क्लॅम्पवाला करंट प्रोब लावून ऑसिलोस्कोपवर, म्हणजे सिग्नलची वेव्ह दाखवणाऱ्या स्कोपवर, बघावं लागते. (साधा प्रोब मेनला डायरेक्ट लावू नका भाऊ, त्याची ग्राउंड क्लिप आतून अर्थिंगला असते, फेजला टेकली की शॉर्ट.) स्क्रीनवर वेव्ह दिसली, आता ती लॅपटॉपवर पायजे. बरेच जण पेनड्राइव्हवर स्क्रीनशॉट घेऊन मोकळे होतात, पण त्या चित्रावर पुढे काही हिशोब करता येत नाही.

खरा डेटा स्कोपच्या मेमरीत असतो. रिगोल कंपनीचा डीएस१०५४झेड स्कोप घ्या, स्क्रीनवरून वाचला तर १२०० पॉइंट (वेव्हची एकेक मोजणी, म्हणजे सॅम्पल) मिळतात आणि मेमरीत एका चॅनलला १ कोटी २० लाखांपर्यंत असतात. म्हणून आधी स्टॉप दाबायचं, मग रॉ मोडमध्ये, म्हणजे थेट मेमरीतून, वाचायचं, चालू असताना तो सगळी मेमरी देतच नाही.

मागायचं कसं, तर यूएसबी नाहीतर लॅन केबलवरून साध्या अक्षरांतल्या कमांड पाठवून. या भाषेला एससीपीआय म्हणतात, १९९० ची आहे, आणि तिच्याखालचं, मोजमापाची उपकरणं जोडायचं आयईईई ४८८ स्टँडर्ड तर १९७५ चं, एचपी कंपनीच्या 'बस' नावाच्या जोडणीवरून आलेलं. पायथनमध्ये पायव्हिसा (अशा उपकरणांशी बोलणारी तयार लायब्ररी) टाकलं की दहा-पंधरा ओळींत काम होते. उत्तराच्या सुरुवातीला हॅश येतो, मग एक आकडा, पुढची लांबी किती अंकांत लिहिलीय ते सांगणारा, मग ती लांबी आणि मग डेटा, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्यासारखं आधी बिल्टी, मग माल. हा हेडर न काढता ग्राफ काढला की सुरुवातीलाच फालतू टोकं दिसतात आणि माणूस मोटरला दोष देत बसतो.

आता मुख्य गोष्ट. आलेले बाइट म्हणजे व्होल्ट नाहीत! आतला एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, ८ बिटचा, म्हणून प्रत्येक सॅम्पल ० ते २५५ मधला नुसता आकडा. त्याचा अर्थ प्रीअँबलमध्ये, म्हणजे स्केलच्या माहितीत, असतो, तो वेगळा मागावा लागतो. रिगोलवर १ व्होल्ट पर डिव्हिजनला (स्क्रीनवरचा एक चौकोन १ व्होल्टचा) आकड्याची एक पायरी ०.०४ व्होल्टची, रेफरन्स (जिथून पायऱ्या मोजायच्या तो आकडा) १२७, ओरिजिन (वेव्ह वरखाली सरकवल्याचा फरक) शून्य धरला तर १७७ आला म्हणजे ५० पायऱ्या वर, २ व्होल्ट. मग करंट प्रोबच्या स्केलने (एका अँपिअरला किती व्होल्ट) त्याचे अँपिअर करायचे. दुसऱ्या कंपनीच्या स्कोपमध्ये ओरिजिन वजा करायचा की शेवटी मिळवायचा हे बदलते, म्हणून नेटवरचा कोड आपल्या स्कोपचं मॅन्युअल न बघता चिकटवू नये.

स्पीडचंही बघा. या स्कोपमधून एका वेळी अडीच लाखच बाइट निघतात, म्हणजे पूर्ण मेमरीला ४८ फेऱ्या. जुन्या स्कोपच्या सिरियल पोर्टवर ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट, एका बाइटला १० बिट) सेकंदाला ९६० बाइट, एवढाच डेटा न्यायला साडेतीन तास! सीएसव्ही, म्हणजे आकडे अक्षरांत लिहिलेली फाइल, तर मला पटतच नाही, एका बाइटच्या जागी दहा-वीस अक्षरं आणि एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ च ओळी मावतात.

पण कूलरला एवढं लागते कशाला? १२ सेकंदांच्या रेकॉर्डला मेमरी १ लाख २० हजारवर ठेवली तर सेकंदाला १० हजार सॅम्पल, ५० हर्ट्झच्या एका सायकलला २०० पॉइंट, आणि एका फेरीत सगळं लॅपटॉपवर.