लूप काढायचा की ठेवायचा? वाफेच्या लाइनीच्या सोप्या हिशेबाची पार्श्वभूमी

दसरा जवळ आला की बीड-लातूरकडच्या साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपनाची गडबड उडते. त्याआधी ऑफ सीझनमध्ये वाफेच्या लाइनी बदलतात आणि दरवर्षी कुणीतरी विचारतोच, "साहेब, हा लूप काढला तर? जागाबी वाचल, पाइपबी."

लूप म्हणजे लाइनीत मुद्दाम दिलेलं U आकाराचं वळण. थंड पाइपाकडे बघून प्रश्न रास्तच वाटतो. पण साध्या पोलादाचा पाइप दर मीटरला, दर 100 अंशांमागे सुमारे 1.2 मिलिमीटर वाढतो. 40 मीटर लाइन 30 वरून 130 अंशांवर गेली की 48 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन बोटं. दोन्ही टोकं जखडलेली असली तर ही तीन बोटं जाणार कुठं? फ्लँजवर (पाइपांच्या बोल्टच्या जोडावर), नाहीतर पंपाच्या नोझलवर, म्हणजे पाइप जोडतो त्या तोंडावर.

बेंड (पाइपाचं वळण) ही वाढ का सोसतो, ते 1911 मध्ये इंजिनीअर थिओडोर फॉन कार्मान यांनी मांडलं: वाकताना त्याचा गोल छेद चपटा होतो, म्हणून तो सरळ पाइपापेक्षा जास्त लवतो. पण तीन दिशांना वळणाऱ्या लाइनीची समीकरणं स्लाइड रूलवर (हिशेबाच्या सरकपट्टीवर) सोडवायची म्हणजे दिवसच्या दिवस जायचे. त्या कंटाळ्यातूनच सोप्या पद्धती निघाल्या. त्यातली ‘गायडेड कँटिलिव्हर’ माझ्या आवडीची. वाढीला काटकोनात असलेला पाय, म्हणजे पाइपाचा तेवढा तुकडा, एकटाच वाकतो असं धरायचं. तो दुप्पट लांब केला की ताण चौथाईवर येतो. फिटरला हे खडूने जमिनीवर काढून दाखवता येतं.

मग ए. आर. सी. मार्कल आले. अमेरिकेतल्या लुइव्हिलच्या ट्यूब टर्न्स कंपनीत त्यांनी बेंड आणि टी (तीन तोंडांचे जोड) गळेपर्यंत पुढे-मागे वाकवले. गरम-थंडच्या फेऱ्यांनी पाइप थकतो, म्हणून एका वेळचा ताण नव्हे, गरम आणि थंड या दोन टोकांमधला ताणाचा पल्ला मोजायचा, हा विचार 1955 च्या अमेरिकी पाइपिंग कोडमध्ये (नियमावलीत) आला. 7000 फेऱ्यांपर्यंत त्यात परवानगीचा ताण कमी केला जात नाही. रोज एकदा तापून निवणाऱ्या लाइनीची ही 19 वर्षं झाली. आपली लाइन हंगामात मोजक्याच वेळा निवते.

कोडमधली छोटी कसोटी मार्कल यांच्याच कामातली. व्यास गुणिले एकूण वाढ (दोन्ही मिलिमीटरमध्ये), भागिले जादा लांबीचा वर्ग (मीटरमध्ये). उत्तर 208 च्या आत हवं. जादा लांबी म्हणजे पाइपाची लांबी वजा दोन अँकरमधलं (पाइप जखडलेल्या जागांमधलं) सरळ अंतर. सहा इंची लाइन 40 मीटर जाऊन काटकोनात 6 मीटर वळली तर उत्तर 265 येतं, नापास. 7 मीटर वळवा, 201 येतं, पास. एका मीटरचा फरक! मात्र एकाच मापाचा पाइप, दोनच अँकर, मध्ये अडकाव नाही, अशाच लाइनीला ही कसोटी चालते. नोझलवर किती जोर येतो हे ती सांगत नाही. टर्बाइनची लाइन असेल तर पूर्ण हिशेबच करावा.

1984 मध्ये सीझर-टू हे पाइपांचा ताण काढणारं सॉफ्टवेअर आलं आणि आता वाळूजच्या डिझाइन ऑफिसातही पोरं मॉडेल करूनच बघतात. करावंच. पण लाइन सरकते की नाही ते सपोर्टखाली दिसतं. हंगाम संपल्यावर शू (पाइपाखालचा टेकू) घासून बीमवर चकचकीत पट्टी पडलेली असते. यंदा लूपचा प्रश्न निघाला तेव्हा आधी टेप लावली: पट्टी 45 मिलिमीटर भरली.