बॉईज (समरटाइम लव्ह)

इटालियन पॉप गायिका सब्रिना सालेर्नो हिचे १९८७ सालचे नृत्यगीत. गायिका आणि निर्मिती इटलीची, शब्द मात्र इंग्रजी. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेले. ब्रिटनमध्येही ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढले, पण त्यासाठी पुढच्या वर्षीचा जून उजाडावा लागला.

गाण्यात कथा अशी नाहीच. उन्हाळा आला आहे, आसपास तरुण मुले आहेत आणि गाणाऱ्या मुलीला मौज हवी आहे. पुढे काय, हा प्रश्न तिला पडत नाही. आपल्या प्रेमगीतांनी पावसाळा जवळ केला, कारण आपला उन्हाळा अंगाची काहिली करणारा. इटलीत मात्र ऑगस्टमध्ये शहरे ओस पडतात आणि समुद्रकिनारे फुलतात. १५ ऑगस्टला येणाऱ्या ‘फेर्रागोस्तो’ या सणाच्या आगेमागे बराचसा देश सुट्टीवर असतो. सुट्टीत जुळणारे आणि सामान आवरताना तिथेच राहून जाणारे प्रेम हा तिथल्या पॉप संगीताचा हुकमी विषय. उन्हाळाभर वाजणाऱ्या अशा गाण्याला इटालियनमध्ये ‘तोर्मेन्तोने’ म्हणतात. शब्दाच्या मुळाशी ‘छळ’ आहे, कारण जावे तिथे तीच चाल कानावर आदळते. छळ छळ म्हणत लोक ती गुणगुणतातही.

गाण्याची घडण इटालो डिस्कोची, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या इटालियन नृत्यसंगीताची : ड्रम मशिनचा न चुकणारा ठोका, सिंथेसायझरवर धावणारा बास आणि एकदा ऐकले की डोक्यातून न जाणारे ध्रुवपद. या प्रकारात गाणी बहुधा इंग्रजीत लिहीत, कारण ती जर्मनी, फ्रान्स, स्पेनमध्येही खपवायची असत. ऐकणाऱ्यांची भाषा इंग्रजी नाही, अनेकदा गाणाऱ्याचीही नाही. म्हणून शब्द सोपे आणि मोजके. इथे शीर्षकातला पहिला शब्द कोणाला हाका माराव्यात तसा पुन्हा पुन्हा येतो, बाकीच्या ओळी त्याला टेकू देण्यापुरत्या. सालेर्नोचा आवाज फार मोठ्या पल्ल्याचा नाही. या गाण्याला तो लागतही नाही. लागतो तो खट्याळपणा, आणि तो तिच्याकडे भरपूर आहे.

निर्माता क्लाउदिओ चेक्केत्तो हा मुळात रेडिओ-टीव्हीवरचा माणूस. १९८२ मध्ये त्याने ‘रेडिओ डीजे’ हे केंद्र सुरू केले होते. रेकॉर्ड काढणारी ‘फाइव्ह रेकॉर्ड’ ही कंपनी पुढे इटलीचे पंतप्रधान झालेले सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांच्या उद्योगसमूहातली, आणि इटलीतल्या मोठ्या खाजगी दूरचित्रवाहिन्याही त्याच समूहाच्या. १९६८ साली जेनोआत जन्मलेली सालेर्नो गायिका म्हणून गाजण्याआधी टीव्हीवर झळकली होती. अशा घरात तयार झालेले गाणे कानांइतकेच डोळ्यांसाठी असणार, हे ओघाने आलेच.

त्याचा व्हिडिओ व्हेनिसजवळच्या येझोलो या किनाऱ्यावरच्या गावात, एका हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात चित्रित झाला. सालेर्नो पाण्यात तालावर उड्या मारते, बिकिनीचा वरचा भाग घसरतो, ती तो सावरते, तो पुन्हा घसरतो. एवढेच. ना भव्य सेट, ना नर्तकांचा ताफा. या घसरणाऱ्या कापडावरून जेवढा गवगवा झाला तेवढा चालीबद्दल झाला नाही, आणि हा थोडा अन्यायच म्हणायचा, कारण चाल बेतीव असली तरी पक्की आहे. अर्थात त्या गवगव्याशिवाय गाणे एवढे दूर पोहोचले असते का, याबद्दल शंकाच आहे.

पुढे १९८८ मध्ये स्टॉक, एटकन आणि वॉटरमन या गाजलेल्या ब्रिटिश त्रयीने तिच्यासाठी ‘ऑल ऑफ मी’ केले, पण ब्रिटनमध्ये तिला तिसरा क्रमांक पुन्हा गाठता आला नाही. १९९१ च्या सानरेमो महोत्सवात, म्हणजे इटलीतल्या नावाजलेल्या गीतस्पर्धेत, ती इटालियन गायिका जो स्क्विलो हिच्याबरोबर उतरली, ती इटालियन गाणे घेऊन. त्याचे नाव होते ‘सियामो दोन्ने’, म्हणजे ‘आम्ही बायका आहोत’.