खडीच्या ढिगातले पांढरे ठिपके

जळगाव घ्या, धुळे घ्या, नंदुरबार घ्या, कुठं घराचं काम निघालं की दारात खडीचा ढीग पडतो आणि तासाभरात गल्लीतली पोरं त्याच्यावर चढलेली असतात. मोठी माणसं ओरडतात. मी म्हणतो चढू द्या, फक्त चढल्यावर जरा खाली पण बघा म्हणावं. सगळी खडी काळी, एकसारखी, एकदम बोअर, पण नीट बघितलं की एखाद्या तुकड्यावर पांढरे ठिपके दिसतात, एखाद्याला भोक असतं आणि त्या भोकात काहीतरी चमकत असतं.

तर पोरांनो, आधी दगड आणि खनिज यातला फरक. आपल्याकडं कळण्याचं पीठ असतं ना, ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं? त्या पिठाकडं बघून ज्वारी कुठली न् उडीद कुठला हे सांगता येत नाही, पण दोन्ही आत असतात. आपला काळा दगड तसाच. त्याचं नाव बेसॉल्ट, आणि त्याच्यात फेल्डस्पार, पायरॉक्सिन, मॅग्नेटाइट अशी खनिजं इतक्या बारीक कणांत असतात की नुसत्या डोळ्यांना सगळं काळंच दिसतं. म्हणजे बेसॉल्ट हा दगड, आणि तो ज्यांचा बनलाय ती खनिजं. आता कण एवढे बारीक का, तर लाव्हा जमिनीवर आला आणि पटकन थंड झाला, खनिजांना वाढायला टाइमच मिळाला नाही. असा वितळलेल्या दगडाचा रस जमिनीखाली खोलवर हळूहळू थंड झाला तर कण मोठे होतात. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर गुलाबी-करडा ठिपकेवाला ग्रॅनाइट असेल तर बघा, त्यातला एकेक कण वेगळा दिसतो. (दुकानात काळा ग्रॅनाइट म्हणून जो मिळतो तो बऱ्याचदा खरा ग्रॅनाइट नसतोच, पण ते राहू द्या.)

हा लाव्हा आला साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, डायनासोर संपले त्याच सुमारास. एकच मोठा ज्वालामुखी फुटला असं नाही, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा थांबून थांबून वर येत राहिला, थरावर थर बसत गेले. आज हा दगड सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. आणि त्या भेगा बघायच्या असतील तर आपल्याएवढी भारी जागा क्वचितच. साक्री, नंदुरबारकडं जाताना माळावर काळ्या दगडी भिंती दिसतात, काही तर किलोमीटरच्या किलोमीटर सरळ गेलेल्या, नवख्या माणसाला जुन्या किल्ल्याची तटबंदी वाटेल. तो भेगेत अडकून तिथंच घट्ट झालेला लाव्हा आहे, आजूबाजूचा नरम दगड पावसापाण्यानं झिजून गेला आणि ही भिंत उरली. इंग्रजी नाव डाइक.

आता ती भोकं. लाव्ह्यात गॅस असतो, त्याचे बुडबुडे वर यायला बघतात आणि वर पोचायच्या आत लाव्हा घट्ट झाला की पोकळी तशीच राहते. मग पुढं कितीतरी वर्षं दगडातून पाणी झिरपतं, त्यात विरघळलेली खनिजं पोकळीत एकावर एक जमतात. जागा मोकळी, घाई काही नाही, त्यामुळं स्फटिक मस्त वाढतात. जळगाव जिल्ह्यातल्या खाणींतला हिरवट, काचेसारखा अ‍ॅपोफिलाइट आणि फिकट गुलाबी-केशरी स्टिलबाइट जगभरातले लोक कपाटात मांडून ठेवतात, आणि आपण त्याचाच दगड फोडून रस्त्यात टाकतो! सिन्नरला गारगोटी म्युझियम आहे, तिथं हे सगळं बघायला मिळतं. खाणीत मात्र एकट्यानं जायचं नाही, तिथं सुरुंग लावतात.

तुमच्या तुकड्यातलं पांढरं काय आहे हे घरीच ओळखता येतं. लोखंडी खिळा घासा. ओरखडा अजिबात उठत नसेल आणि उलट त्या पांढऱ्यानंच काचेच्या फुटक्या बाटलीवर रेघ उठत असेल (हे मोठ्यांना करू द्या) तर ती गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झच्या घराण्यातली. ओरखडा सहज उठला तर त्यावर लिंबाचा थेंब टाका आणि अगदी जवळून बघा, बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट. ओरखडा उठतो पण बुडबुडे नाहीत, तर बहुतेक स्टिलबाइटसारखं काहीतरी. मोह्स नावाच्या माणसानं 1812 मध्ये खनिजांना कडकपणाचे 1 ते 10 नंबर दिले, टाल्क 1, कॅल्साइट 3, क्वार्ट्झ 7, हिरा 10. मोठ्या नंबरवाला छोट्या नंबरवाल्यावर ओरखडा काढतो, बस एवढाच नियम.

आणि तो मॅग्नेटाइट? तो पण सापडतो. जुन्या स्पीकरमधलं चुंबक घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि तापी नाहीतर गिरणेच्या कोरड्या वाळूतून फिरवा, काळे बारीक कण चिकटून केसांसारखे उभे राहतात, दगड झिजून सुटलेलं लोखंडाचं खनिज आहे ते. पिशवी विसरू नका, नाहीतर ते कण चुंबकावरून काही केल्या सुटत नाहीत. पिशवी कागदावर धरून आतलं चुंबक बाहेर काढलं की सगळे आपोआप कागदावर पडतात.