ताठरलेले पाय आणि गांजातील औषध

कोथरूडला राहणाऱ्या माझ्या मावशीला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, होऊन बारा वर्षे झाली. दिवसा ती भिंतीच्या आधाराने घरात वावरते; पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तिचे दोन्ही पाय अचानक लाकडासारखे ताठ होतात आणि गुडघे दुमडून देण्यासाठी घरातल्या कोणाला तरी उठावे लागते. अलीकडे एका नातेवाइकांनी तिला भांगेचे, म्हणजे गांजाच्याच झाडाच्या पानांचे, तेल सुचवले. त्यात तथ्य किती, असे तिने मला विचारले.

एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंवरचे मायलिनचे आवरण नष्ट करते. स्नायूंना आवर घालणारे मेंदूचे संदेश खाली नीट पोचत नाहीत, मज्जारज्जूतील प्रतिक्षिप्त क्रिया अनावर होतात आणि स्नायू आखडतात. चेतापेशींच्या टोकांवर सीबी-१ नावाचे ग्राहक, म्हणजे रसायनांचे संदेश टिपणारी प्रथिने, असतात. गांजातील टीएचसी हे रसायन त्यांना जाऊन चिकटले की पेशींना उत्तेजित करणारे ग्लुटामेट कमी स्रवते. शरीर स्वतःही अशी रसायने तयार करते, आणि त्यांतील पहिले १९९२ मध्ये सापडले तेव्हा संशोधकांनी संस्कृतातील ‘आनंद’ या शब्दावरून त्याला आनंदामाइड हे नाव दिले. एमएससारखा आजार असलेल्या उंदरांची ताठरता आणि कंप अशा रसायनांनी कमी होतात, हे २००० मध्ये दिसून आले.

माणसांमध्ये मात्र चित्र गुंतागुंतीचे निघाले. ब्रिटनमध्ये सहाशेहून अधिक एमएस रुग्णांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना गांजाचा अर्क, काहींना टीएचसी आणि काहींना औषधासारख्याच दिसणाऱ्या निष्क्रिय कॅप्सूल दिल्या होत्या. तपासणाऱ्यांनी रुग्णाचे हातपाय हलवून अ‍ॅशवर्थ श्रेणीवर ताठरता मोजली, तेव्हा या गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. रुग्णांना विचारले असता मात्र औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के, तर निष्क्रिय कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोकांनी आराम पडल्याचे सांगितले. टीएचसीमुळे गरगरते, त्यामुळे आपल्याला खरे औषध मिळाले आहे हे अनेकांना ओळखू येते आणि उत्तरावर त्याचा परिणाम होतो, हा आक्षेप रास्त आहे. तरीही दुपारी तपासणीच्या टेबलावर काही मिनिटे पाय हलवून पाहणाऱ्याला मावशीची रात्री दोनची अवस्था कशी कळणार? ही ताठरता जिला सोसावी लागते, तिच्या सांगण्याला मापनात स्थान असायलाच हवे, असे मला ठामपणे वाटते.

पुढील संशोधनाने ते स्थान दिले. टीएचसी आणि गांजातीलच सीबीडी हे दुसरे रसायन जवळपास समप्रमाणात असलेल्या, तोंडात फवारायच्या नॅबिक्झिमॉल्स या औषधाला ब्रिटनमध्ये २०१० मध्ये मान्यता मिळाली. एका फवाऱ्यात २.७ मिलिग्रॅम टीएचसी आणि २.५ मिलिग्रॅम सीबीडी असते, आणि दिवसाची कमाल मर्यादा बारा फवाऱ्यांची आहे. इतर औषधे पुरी पडत नसतील तरच ते चार आठवडे देऊन पाहतात; रुग्णाने स्वतः शून्य ते दहा या मापावर नोंदवलेली ताठरता निदान २० टक्क्यांनी उतरली नाही, तर ते थांबवतात. जवळपास निम्म्या रुग्णांच्या बाबतीत ते थांबवावेच लागते. आजाराची वाटचालही त्याने रोखली जात नाही: टीएचसीने एमएसची प्रगती मंदावते का, हे तपासणाऱ्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०१३ मध्ये नकारार्थी आला.

भांगेच्या तेलाचा विचार करताना हे मोजमाप निर्णायक ठरते, कारण पानांतील टीएचसी झाडागणिक बदलते आणि घरगुती तेलाच्या चमच्यात ते किती आहे हे कळायला मार्ग नसतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील गांजाच्या व्याख्येत नुसती पाने येत नाहीत, पण महाराष्ट्रात भांगेवर दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे. शिवाय मावशी बॅक्लोफेन हे स्नायू सैल करणारे औषध घेते. त्यावर टीएचसीची भर पडली तर गुंगी वाढते, आणि आधीच तोल जाणाऱ्या माणसासाठी रात्री स्वच्छतागृहापर्यंतची चार पावलेही धोक्याची ठरतात. एमएसमध्ये स्मरणशक्ती आणि एकाग्रतेवर ताण असतोच, टीएचसी तो आणखी वाढवू शकते. ज्यांना पूर्वी मनोविकाराचा गंभीर झटका येऊन गेला आहे त्यांनी तर त्यापासून दूरच राहावे.

हे सगळे मी मावशीला सांगितले. गेले तीन आठवडे ती रोज सकाळी उशाच्या वहीत रात्रीच्या ताठरतेचा शून्य ते दहामधला आकडा लिहिते, आणि शेजारी बॅक्लोफेन किती वाजता घेतले व पायांचे ताण देण्याचे व्यायाम झाले की नाही, याचीही नोंद ठेवते. ती वही घेऊन आम्ही पुढच्या आठवड्यात तिच्या न्यूरॉलॉजिस्टकडे जाणार आहोत. तेल अजून आणलेले नाही.