राष्ट्रीय मानवी हक्क संस्था आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य

राष्ट्रीय मानवी हक्क संस्था म्हणजे देशाच्या संविधानाने किंवा कायद्याने स्थापन झालेली, सरकारी पैशावर चालणारी पण सरकारच्या हुकमाबाहेरची संस्था. कुठे ती आयोग असते, कुठे लोकपाल. तक्रारींची चौकशी, तुरुंग व कोठड्यांची पाहणी, कायद्यांची छाननी आणि हक्कांचे शिक्षण ही तिची कामे. आंतरराष्ट्रीय करारांवर सही सरकार करते; करार मोडल्याची तक्रार घेऊन सामान्य माणूस जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांकडे सहसा थेट जाऊ शकत नाही. त्याला ठोठावता येईल असे दार देशातच लागते. ते उघडे राहावे म्हणून संयुक्त राष्ट्रे, इतर देश आणि भगिनी संस्था जी मदत करतात, तिचा विचार या नोंदीत केला आहे.

स्थानिक मानवी हक्क समित्या नेमण्याचा विचार सदस्य देशांनी करावा, असे संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने १९४६ सालीच सुचवले होते. कल्पनेला नेमका आकार आला तो ऑक्टोबर १९९१ मध्ये पॅरिसला झालेल्या कार्यशाळेत. तिथे ठरलेली ‘पॅरिस तत्त्वे’ आमसभेने २० डिसेंबर १९९३ रोजी ठराव ४८/१३४ द्वारे स्वीकारली. कायद्यात लिहिलेली व्यापक कार्यकक्षा, सरकारपासून स्वायत्तता, समाजातील विविध घटकांना सदस्यत्व, पुरेसा निधी आणि चौकशीचे अधिकार हा त्यांचा गाभा.

ही तत्त्वे पाळली जातात की नाही, हे या संस्थाच एकमेकींचे तपासतात. त्यांच्या जागतिक आघाडीच्या दर्जांकन उपसमितीत आफ्रिका, अमेरिका खंड, आशिया-पॅसिफिक आणि युरोप या विभागांतून ‘अ’ दर्जाची प्रत्येकी एक संस्था बसते. सचिवालयाचे काम संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तांचे कार्यालय पाहते. अर्जासोबत स्थापनेचा कायदा, कर्मचाऱ्यांचा तक्ता, अंदाजपत्रक, वार्षिक अहवाल आणि तत्त्वांचे पालन कसे होते याचे निवेदन द्यावे लागते. नागरी संघटनाही आपले म्हणणे लेखी पाठवू शकतात, आणि सर्वांत अवघड प्रश्न अनेकदा त्यांतूनच निघतात. पूर्ण पालन असेल तर ‘अ’, अंशतः असेल तर ‘ब’. फेरतपासणी दर पाच वर्षांनी होते. ‘अ’ दर्जाची संस्था उतरवण्याची शिफारस झाली, तर पुरावे मांडायला तिला एक वर्ष मिळते. ‘अ’ दर्जामुळे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत स्वतःच्या नावाने बोलता येते आणि आघाडीत मत मिळते.

कायदा उत्तम असूनही संस्था अडकते ती बहुधा नेमणुकांत. रिकाम्या जागेची जाहिरात हवी, नावांवर खुली चर्चा हवी, मुदत किमान तीन वर्षांची हवी आणि सदस्याला काढण्याचा अधिकार एकट्या मंत्र्याच्या हाती नको. प्रतिनियुक्तीवरचे सरकारी कर्मचारी साधारणपणे एक चतुर्थांशाहून अधिक नसावेत. पोलिसांविरुद्धच्या तक्रारीची चौकशी प्रतिनियुक्तीवर आलेला पोलीस अधिकारीच करत असेल, तर तक्रारदार पुन्हा फिरकत नाही. श्रीलंकेत २००६ मध्ये संविधान परिषदेची, म्हणजे अशा नेमणुकांसाठी नावे सुचवणाऱ्या मंडळाची, शिफारस नसताना राष्ट्राध्यक्षांनी आयोगाचे सदस्य थेट नेमले. २००७ मध्ये आयोग ‘ब’ दर्जावर उतरला. २०१५ च्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने संविधान परिषद पुन्हा आणली आणि २०१८ मध्ये ‘अ’ दर्जा परत मिळाला. इशारा बाहेरून आला, दुरुस्ती मात्र देशाच्या संसदेलाच करावी लागली.

पैशाचेही तसेच. परदेशी निधी प्रशिक्षणाला, एखाद्या सर्वेक्षणाला, नव्या विभागीय कार्यालयाच्या उभारणीला चालतो. पगार, भाडे आणि चौकशीचा प्रवासखर्च देशाच्या अंदाजपत्रकातूनच यायला हवा. नाहीतर देणगीदाराचे प्राधान्यक्रम बदलले की चौकश्या थांबतात आणि विरोधकांना संस्थेला परकीयांची हस्तक म्हणणे सोपे जाते. २००१ च्या बॉन करारातून निघालेला अफगाणिस्तानचा स्वतंत्र मानवी हक्क आयोग मुख्यतः परदेशी निधीवर चालला. मे २०२२ मध्ये तालिबानने तो बरखास्त केला.

संगणकीय तक्रार-नोंद प्रणाली ही मदतीतली नेहमीची वस्तू. ती घेण्यापूर्वी एक तक्रार आवक नोंदवहीपासून छाननी, सरकारी खुलासा, चौकशी, शिफारस आणि पाठपुरावा असा सगळा प्रवास करताना टेबलाटेबलावर जाऊन पाहावी. हे न केल्यास नोंदवही चालूच राहते, दुहेरी काम वाढते आणि प्रणालीत फक्त तक्रारींची संख्या उरते. शिफारशीवर सरकारने काय केले, हा रकाना अनेकदा आराखड्यातच नसतो. प्रकल्प संपल्यावर परवाना शुल्क आणि देखभाल कोण देणार, हे करारातच लिहून घ्यावे.

सहकार्य सर्वांत फळते ते कोठड्यांच्या पाहणीत. छळविरोधी कराराला जोडलेला ऐच्छिक पूरक करार २००२ मध्ये स्वीकारला गेला आणि २००६ मध्ये अमलात आला. त्यात सामील होणाऱ्या देशाने एका वर्षात राष्ट्रीय प्रतिबंधक यंत्रणा, म्हणजे कोठड्यांना भेटी देऊन छळ रोखणारी यंत्रणा, उभारायची असते. अनेक देशांनी हे काम मानवी हक्क संस्थेकडेच दिले. याच पूरक करारातून आलेली २५ सदस्यांची आंतरराष्ट्रीय उपसमिती स्वतः भेटी देते आणि या यंत्रणांना मार्गदर्शनही करते.

भेट पूर्वसूचनेशिवाय असावी. आधी कोठडीतली माणसे मोजायची, मग नोंदवहीतला आकडा पाहायचा. क्रम उलटा केला तर तफावत मिटवायला पहारेकऱ्यांना वेळ मिळतो. अटकेची वेळ, नातेवाइकांना कळवल्याची वेळ आणि वैद्यकीय तपासणीची वेळ ताडून पाहायची. मुलाखती एकांतात आणि बऱ्याच जणांच्या घ्यायच्या, म्हणजे कोण काय बोलले हे पहाऱ्यावरच्यांना ओळखता येत नाही. बोललेल्यांपैकी कोणाला मारहाण झाली, कोणाला अचानक दुसरीकडे हलवले, हे कळते ते थोड्याच दिवसांत दिलेल्या दुसऱ्या भेटीत. म्हणून तिचा प्रवासखर्च पहिल्या भेटीबरोबरच मंजूर करून घ्यावा लागतो.