सिमेंट कातडी का खातं?

स्लॅब ओतून झाल्यावर संध्याकाळी गमबूट काढला की पोटरीवर, बुटाचा काठ घासतो तिथं, लालसर वळ दिसतो. फारसं दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होतं. रात्री चुरचुरायला लागतं, सकाळी फोड येतात आणि जखम खोल असेल तर पुढच्या दोन-तीन दिवसांत कातडी काळी पडते. गवंडी याला ‘सिमेंटनं खाल्लं’ म्हणतात, आणि ते शब्दशः खरं आहे.

कोरडं सिमेंट त्यामानानं शांत असतं. पाणी पडलं की त्यातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुनाच, सुटतो. ओल्या मालाचा सामू (pH, म्हणजे आम्ल की अल्कली हे सांगणारं माप) १२.५ च्या वर जातो. त्वचेचा असतो साधारण ५.५. सामूची प्रत्येक पायरी दहापटीची, त्यामुळे सात पायऱ्यांचा हा फरक एक कोटी पटींचा होतो. आम्लानं भाजलं तर गोठलेल्या प्रथिनांचा थर त्याला थोडंफार अडवतो. चुन्यासारखी अल्कली प्रथिनं विरघळवत आत उतरते आणि त्वचेतल्या स्निग्धाचा साबण करते. मालात हात घातल्यावर बोटं बुळबुळीत लागतात, त्यामागं हेही एक कारण आहे.

सगळ्यात वाईट अवस्था माल कपड्यात अडकण्याची. गुडघ्यावर बसून थापी मारणाऱ्याची पँट भिजते आणि तो ओला पोतेरा तासन्‌तास कातडीला चिकटून राहतो. गुडघ्याखाली फळी किंवा पाणी न शोषणारं पॅड हवं. पँट गमबुटात खोचू नये, बाहेर सोडावी. नाहीतर बूट नरसाळ्यासारखा माल गोळा करतो. हातमोजे नायट्राइलचे किंवा पीव्हीसीचे, लांब मनगटाचे हवेत. सुती मोजे माल शोषतात. मोज्याच्या आत माल गेला तर तो मोजा नसल्यापेक्षा घातक, ताबडतोब काढायचा.

हेल्मेट मोजून देणारे ठेकेदार धुण्याच्या पाण्याचा विचार क्वचितच करतात. घमेली-थाप्या धुतलेल्या पिंपातच मजूर हात धुतात, आणि ते पाणी तोवर चुन्याची निवळी झालेलं असतं! हातपाय धुण्यासाठी वेगळं, स्वच्छ, वाहतं पाणीच हवं. माल लागलेले कपडे आधी उतरवावेत, कोरडी भुकटी झटकावी, मग किमान २० मिनिटं धार सोडावी. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून तितकाच वेळ धुवावं आणि लगेच दवाखाना गाठावा. पापणीखाली अडकलेला कण बुबुळ जाळत राहतो.

दुसरा त्रास सावकाश येतो. सिमेंटमध्ये अत्यल्प षट्‌संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियम धातूचं एक घातक रूप, असतं. ते पाण्यात विरघळून त्वचेत शिरतं आणि काहींना त्याची ॲलर्जी जडते. ती सहसा आयुष्यभर सुटत नाही. पुढं नुसत्या थोड्या मालानंही हात फुटतात. फेरस सल्फेट मिसळून हे क्रोमियम निरुपद्रवी करता येतं. युरोपीय संघात २००५ पासून सिमेंटमधल्या या क्रोमियमची मर्यादा दशलक्षात २ भाग आहे. पण ओल लागलेल्या किंवा फार जुन्या गोणीत फेरस सल्फेटचा असर उरत नाही.

ओळखायची खूण सोपी: सुटीत हात बरे होतात, कामावर परतलं की पुन्हा उलटतात. खरजेचं मलम घेण्याआधी डॉक्टरांना सांगावं, काम सिमेंटचं आहे.